पेशंट 'मी येणार नाही' म्हणतो तेव्हा कोण काय करतं: भावासाठी वापरलेल्या सगळ्या सर्व्हिसेसचा रिव्ह्यू

आधीच सांगते, लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी अति उदासी आणणारा मानसिक आजार. वय तिशीच्या आतलं, गावी मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, आई-आण्णा त्याच्यासोबत आणि मी पुण्यात नोकरीला. त्याच्यासाठी आम्ही हेल्पलाईन, सरकारी दवाखाना, प्रायव्हेट सायकियाट्रिस्ट, 'घरी येऊन पेशंट घेऊन जातो' म्हणणारं एक सेंटर, नर्सिंग होम, सायकॉलॉजिस्ट, सपोर्ट ग्रुप असं सगळं करून बसलोय. फ्रीज घेताना पन्नास रिव्ह्यू वाचायला मिळतात पण ह्या गोष्टीचा एक धड रिव्ह्यू मला तेव्हा सापडला नव्हता, जे सापडायचं ते एकतर सेंटरवाल्यांनीच टाकल्यासारखे पाच स्टार नाहीतर कुणीतरी चिडून दिलेला एक स्टार. म्हणून लिहितेय. भावाला विचारून लिहितेय, त्यानं वाचून चार ओळी उडवायला लावल्या त्या उडवल्यात. गावाचं आणि डॉक्टरांचं नाव टाकणार नाही, गाव लहान आहे, लगेच कळतं कोण ते.

मार्क मी एकाच गोष्टीवर दिलेत. पेशंट म्हणतो 'मला काय झालेलं नाही, मी येणार नाही' तेव्हा हे लोक काय करतात. आपणहून येऊन खुर्चीत बसणाऱ्या पेशंटशी सगळेच नीट वागतात हो, खरा हिशोब न येणाऱ्याच्या वेळी लागतो.

आणि आमचा न येणाराच होता. लोकांना वाटतं मानसिक आजार म्हणजे माणूस कोपऱ्यात उदास बसलेला, आमच्याकडं उलटं. रात्री दोन-अडीच तास झोपायचा आणि सकाळी टवटवीत, बोलायला लागला की थांबायचा नाही, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी, दुकानात उधारीवर माल भरला, लोन ॲपवरून कर्ज काढलं, आण्णांना म्हणाला आपण स्वतःची बससेवा काढायची, एसटी बंद पाडायची, आणि हे सांगायला मामाला रात्री तीनला फोन. त्याच्या आधी दोनेक वर्षांपूर्वी हाच पोरगा महिना-महिना अंथरुणातून उठत नव्हता त्यामुळं गल्लीतले म्हणायचे बघा पोरगं कसं सुधारलं, केवढा उत्साह. मग तो कशाला मान्य करेल आजारी आहे म्हणून? 'ताई, मला काय झालंय? तुम्हीच जावा की डॉक्टरकडं.' आणि हे नाटक नसतं हे मला नंतर कळलं, मॅनियामध्ये, म्हणजे ह्या अति उत्साहाच्या काळात, स्वतःला काही झालंय ही जाणीवच जाते बऱ्याच जणांची, डॉक्टर लोक त्याला 'इनसाईट नाही' म्हणतात. नातेवाईकांचे सल्ले चालूच होते, काका म्हणाले लग्न लावून द्या आपोआप ताळ्यावर येईल, आत्यानं देवाचं बघायला सांगितलं. आई त्याला एका देवस्थानाला घेऊन गेली अमावस्येला. त्यावर मी काही बोलणार नाही, आईला तिथं रडायला जागा मिळाली एवढं मला माहितेय.

आता एकेक घेते.

पहिलं टेली मानस, नंबर १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला, मानसिक आरोग्य दिनाला सुरू झालेली सरकारी हेल्पलाईन आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं, मागं बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे. बऱ्याच जणांना वाटतं हा नंबर पेशंटनंच लावायचा असतो. तसं काही नाही, नातेवाईकांनी लावला तरी चालतो. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून लावला होता. पलीकडच्या बाईंनी आधी मला बोलू दिलं, मग विचारलं किती झोपतो, खर्च किती करतोय, अंगावर येतो का, मरायचं-मारायचं बोलतो का, दारू वगैरे. मग सांगितलं की 'तू आजारी आहेस' ह्या वाक्यावरून त्याच्याशी वाद घालू नका, त्यानं काय होणार, तुम्ही दमणार आणि तो चिडणार. एटीएम कार्ड, गाडीची चावी, दुकानाचे चेक ह्याकडं लक्ष ठेवा. एक वही करा आणि रोज लिहा, किती वाजता झोपला, किती वाजता उठला, काय खरेदी केली, काय बोलला. ही वही पुढं इतकी उपयोगी पडली की विचारू नका, जिथं गेलो तिथं डॉक्टरांनी आधी वहीच मागून घेतली. आणि शेवटी त्यांनी सांगितलं की पहिल्यांदा तुम्ही एकटे गेलात तरी चालेल, पेशंट नको. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. ५ पैकी ४. एक कापला कारण फोन तो फोनच, माणसाला उठवून दवाखान्यात न्यायचं काम शेवटी आपल्याकडंच राहतं.

मग सरकारी दवाखाना. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम नावाची गोष्ट देशात १९९६ पासून आहे हे मला चाळिशीला आल्यावर कळलं. जिल्ह्याच्या दवाखान्यात मानसोपचारची ओपीडी असते, तिथं सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, नर्स अशी टीम असायला पाहिजे असं कागदावर आहे, प्रत्यक्षात किती जागा भरलेल्या असतात ते तुमच्या जिल्ह्यावर. मी आणि आण्णा वही घेऊन गेलो. गर्दी बेक्कार. एका बाकावर दाखल्याला आलेले लोक, एका बाकावर गोळ्या न्यायला आलेले म्हातारे, आण्णा मान खाली घालून, कुणी ओळखीचं दिसायला नको म्हणून टोपी पुढं ओढलेली, आणि नेमके गावातलेच एक गुरुजी शेजारी येऊन बसले, त्यांच्या सुनेला घेऊन आले होते. दोघंही आधी काही बोलले नाहीत आणि मग अर्धा तास थांबलेच नाहीत.

डॉक्टरांनी आम्हाला पाचेक मिनिटं दिली असतील. पण आत सोशल वर्कर मॅडम होत्या त्यांनी जे केलं त्याला मी आजपर्यंतचे सगळ्यात जास्त मार्क देईन. त्यांनी विचारलं, तुम्हाला काय त्रास होतो ते कळलं, त्याला स्वतःला कशाचा त्रास होतोय? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलो. मग आण्णांना आठवलं, तो म्हणतो डोकं थांबतच नाही, डोळे मिटले तरी आत चालूच राहतं. मॅडम म्हणाल्या बास, तेच धरा, आजाराचं नाव काढू नका, मेंटलचा डॉक्टर शब्द काढू नका पण खोटंही बोलू नका, रक्त तपासायला चाललोय सांगून इथं आणाल आणि त्याला दारावरची पाटी दिसली की पुढची दोन वर्षं तो तुमच्याबरोबर जेवायलासुद्धा बाहेर येणार नाही. 'डोकं थांबत नाही म्हणतोस ना, झोपेचं दाखवूया, मी पण येते सोबत', एवढंच म्हणा. एकदा नाही म्हणेल, दोनदा म्हणेल, विषय सोडा, परत काढा. नाही म्हणण्याची मुभा आहे असं त्याला वाटलं पाहिजे.

गोळ्यांचं मात्र तिथं रडगाणं आहे, निम्म्या मिळायच्या आणि निम्म्या 'बाहेरून घ्या'. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलांचं वेगळं असतं, ते विचारून घ्या. ५ पैकी साडेतीन, मॅडमना ५.

आता ते सेंटर. इथं जरा थांबणार आहे कारण अशी सेंटरं भरपूर आहेत आणि घाबरलेली माणसं पहिला फोन तिथंच लावतात. भाऊ दोनदा नाही म्हणाला, तिसऱ्यांदा त्यानं ताट भिरकावलं, आणि मामांनी कुठून तरी नंबर आणला. फोनवरचा माणूस अतिशय गोड. 'मॅडम तुम्ही काही टेन्शन घेऊ नका, पत्ता पाठवा, आमची गाडी पहाटे येते, चार पोरं असतात ट्रेन केलेली, पाच मिनिटांत पेशंट गाडीत.' पिकअपचे वेगळे पैसे, किलोमीटरवर. महिन्याची फी वेगळी, तीन महिने ॲडव्हान्स. मी विचारलं डॉक्टर कधी बघणार? तर म्हणे 'येतात की आठवड्यातून'. म्हणजे आधी उचलायचं आणि मग आठवड्यानं बघायचं आजार आहे का नाही ते. मी विचारलं तो ओरडला तर? 'सगळेच ओरडतात मॅडम सुरुवातीला.'

तरी आम्ही बघून यायचं ठरवलं, मी आणि मामेभाऊ. बाहेरून बरं होतं, झाडं, भिंतीवर सुविचार. आत हॉलमध्ये गाद्या टाकलेल्या आणि बसलेल्या पोरांची डोकी सरसकट भादरलेली, सगळ्यांना एकच निळा टीशर्ट. विचारलं केस का कापले तर 'उवा होतात, स्वच्छता'. पहिला महिना भेट नाही, फोन नाही, 'पेशंट इमोशनल ब्लॅकमेल करतो'. व्यसनवाले आणि मानसिक आजारवाले एकत्रच. रजिस्ट्रेशन विचारलं तर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट दाखवलं, ते धर्मादाय आयुक्तांकडचं संस्थेचं रजिस्ट्रेशन. ते तर भजनी मंडळाचंपण असतं.

मला तेव्हा कायदा माहीत नव्हता, पोटात गोळा आला म्हणून परत आलो. नंतर वाचला. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू आहे, आणि त्यात हे सगळं लिहिलंय. जबरदस्तीनं केस कापता येत नाहीत. स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे. फोन आणि भेटीचा हक्क आहे. साखळीनं बांधणं कुठल्याच प्रकारे चालत नाही. बांधायचंच झालं तर दुसरा कुठलाच मार्ग नसेल तेव्हाच, सायकियाट्रिस्टच्या परवानगीनं, तेवढ्यापुरतं आणि नोंद करून, शिक्षा म्हणून तर कधीच नाही. मानसिक रुग्णांना ठेवणाऱ्या जागेला मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं वेगळं रजिस्ट्रेशन लागतं, संस्था रजिस्टर असून भागत नाही. आणि पेशंट तयार नसताना भरती करायचं तर त्याची रीत आहे, ती खाली लिहिते. पहाटे चार पोरांची गाडी त्यात कुठंही बसत नाही.

एक बाजू सांगते म्हणजे एकांगी नको. त्या हॉलमध्ये पोरांना आणून सोडणारे आईबाप काही राक्षस नव्हते. एक बाई बाहेर पायरीवर बसल्या होत्या, मुलानं घर पेटवायचा प्रयत्न केला होता, तीन ठिकाणांहून 'पेशंटला घेऊन या मग बघू' ऐकून आल्या होत्या. 'घेऊन कसा येऊ ते कुणी सांगत नाही' म्हणाल्या. जिथं चांगले लोक दारापर्यंत पोचत नाहीत तिथं हे गाडी घेऊन पोचतात, त्यांचा धंदा तिथंच चालतो. सेंटरला मार्क शून्य. आणि सरसकट सगळ्यांना झोडपत नाहीये, व्यसनाचं म्हणाल तर पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे, सगळ्यांना माहितेय. तुम्ही कुठंही जा पण आधी जाऊन डोकी बघा, कपडे बघा, फोनचं विचारा आणि प्राधिकरणाचा कागद मागा.

भाऊ शेवटी झोपेवरच आला. एका रात्री स्वतःच म्हणाला ताई डोकं फुटतंय, आणि दुसऱ्या दिवशी प्रायव्हेट सायकियाट्रिस्टकडं गेलो. पहिल्या व्हिजिटचे १२०० आणि नंतर ७००, आमच्या भागात हाच रेट आहे. डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत घेतलं आधी. आम्ही बाहेर. हे मला फार आवडलं कारण आम्ही तिघं आत घुसून तक्रारींचा पाढा वाचायच्या तयारीतच होतो. मग त्याच्यासमोर आम्हाला बोलावलं आणि विचारलं की ह्याच्याआधी कधी उदास होता का, तेव्हा कुणी गोळी दिली होती का, कुठली, घराण्यात कुणाला असं होतं का. चुलत आजोबांचं नाव निघालं, ते 'वेडाच्या भरात' घर सोडून गेले असं आम्ही लहानपणापासून ऐकायचो. उदासीवर नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या आणि आतून आजार बायपोलर असेल तर माणूस उलटा वर फेकला जाऊ शकतो म्हणून हे विचारतात म्हणे. थायरॉईड, किडनी, शुगरच्या टेस्ट करायला लावल्या.

आईनं हळूच विचारलं, डॉक्टर, चहातून दिली तर चालेल का गोळी? शेजारच्या काकूंनी तसंच केलं होतं त्यांच्या दिरासाठी. डॉक्टर म्हणाले नाही, मी लिहूनच देणार नाही तसं. त्याला कळलं तर तो तुमच्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही आणि ह्या गोळ्यांना रक्त तपासावं लागतं, ते कुठल्या चहातून तपासणार. आईला राग आला होता. मला पटलं.

पण गोष्ट इतकी सरळ झाली नाही. काही दिवस गोळ्या घेतल्या, बरं वाटतंय म्हणून बंद केल्या, आणि मग जे झालं ते त्यानं उडवायला लावलेल्या चार ओळींत होतं. एवढंच सांगते की आण्णांच्या अंगावर धावून गेला आणि रात्री गाडी घेऊन निघून गेला. हायवेवरच्या धाब्यावाल्यानं फोन केला म्हणून सापडला.

तेव्हा भरती केलं, डॉक्टरांच्याच ओळखीच्या नर्सिंग होमला, आणि त्याची तयारी नसताना केलं. खोटं कशाला बोलू, इथंपण त्याच्या मनाविरुद्धच झालं. मग त्या गाडीवाल्यांत आणि ह्यांच्यात फरक काय? फरक मी डोळ्यांनी बघितला. नर्सिंग होमची ॲम्ब्युलन्स आली त्यात दोन ब्रदर म्हणजे पुरुष नर्स होते, दिवसाउजेडी आले. डॉक्टर स्वतः फोनवर त्याच्याशी बोलले, त्याला नाव घेऊन सांगितलं कुठं नेतोय, कशासाठी, साधारण किती दिवस, ताई रोज भेटेल. तो शिव्या देत होता. शिव्या देतच चपला घालून गाडीत बसला. तिथं गेल्यावर दोघांनी वेगवेगळं तपासलं, एक सायकियाट्रिस्ट आणि दुसऱ्या सायकॉलॉजिस्ट, कायद्यात ८९ कलमाखाली असंच आहे, दोघांचं मत जुळलं तर आणि नातेवाईकाच्या विनंतीवरून भरती, ती जास्तीत जास्त ३० दिवसांची, आणि सात दिवसांच्या आत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं, पेशंट बाई किंवा लहान मूल असेल तर तीन दिवसांत. त्याला स्वतःला सांगितलं की तू ह्याविरुद्ध मंडळाकडं अर्ज करू शकतोस. त्यानं कागद मागितला, दिला. अर्ज लिहिलापण त्यानं, पहिल्या पानावर मंडळाला आणि दुसऱ्या पानावर नितीन गडकरींना बससेवेबद्दल. ब्रदरनं दोन्ही पानं घेतली, हसला नाही. त्या ब्रदरला वेगळे ५ मार्क.

नर्सिंग होम म्हणून बाकी रिव्ह्यू: खोली स्वच्छ, डास फार, जेवण साधं पण गरम, एक नातेवाईक सोबत राहू शकतो. फोन संध्याकाळी एक तास द्यायचे, लोन ॲपमुळं आम्हीच जास्त नको म्हणालो होतो. बिलात 'नर्सिंग चार्जेस' आणि 'केअर चार्जेस' असं दोनदा होतं, विचारल्यावर एक काढलं, तेव्हा विचारा. रिसेप्शनवरची मुलगी मोठ्यांदा 'तीन नंबर मेंटलवाले' म्हणून हाक मारायची, भाऊ तेव्हा काही बोलला नाही पण आजही त्याला तेच आठवतं. शॉकचा विषय निघाला होता, आई तर रडायलाच लागली, सिनेमात बघितलेलं. डॉक्टरांनी समजावलं की आता भूल देऊन आणि स्नायू सैल करायचं औषध देऊनच करतात, भूल न देता करायला कायद्यानंच बंदी आहे, थोडा विसराळूपणा काही दिवस येऊ शकतो, आणि ह्याला बहुतेक लागणार नाही. लागलं नाही. ५ पैकी ४.

औषधांबद्दल एकच सांगते कारण ते कुणी नीट सांगत नाही. भावाला लिथियम चालू आहे. हे औषध चांगलं आहे, जुनं आहे, स्वस्त आहे, पण त्याची रक्तातली पातळी तपासत राहावी लागते, कमी असली तर उपयोग नाही आणि जास्त झाली तर विषबाधा. टेस्ट शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी द्यायची, म्हणजे रात्रीची गोळी आणि सकाळी रक्त, सकाळची गोळी असेल तर रक्त देऊन मग. थायरॉईड आणि किडनी अधूनमधून. पाणी भरपूर प्यायचं, मीठ एकदम बंद करायचं नाही, जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच डॉक्टरांना फोन. आणि अंगदुखीला मेडिकलमधून आपल्या मनानं कॉम्बिफ्लाम घ्यायची नाही, त्यातल्या आयब्युप्रोफेननं लिथियम वाढतं. आमच्या मेडिकलवाल्याला माहीत नव्हतं, आता त्यानं डब्यावर चिठ्ठी चिकटवलीय.

सायकॉलॉजिस्टचा अनुभव दोन प्रकारचा. आधी एक 'काउन्सेलर' होते, भिंतीवर सर्टिफिकेटं भरपूर, त्यांनी भावाला सांगितलं पॉझिटिव्ह विचार करा आणि मोबाईलपासून लांब राहा. मोबाईल रिपेअरिंगवाल्याला! तो बाहेर आला आणि म्हणाला दुकान ह्यांच्या नावावर करून टाकू का. मग कळलं की काउन्सेलर कुणीही स्वतःला म्हणवून घेऊ शकतो, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं मात्र आरसीआयचं म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेचं रजिस्ट्रेशन असतं, नंबर मागायचा, खरी माणसं लगेच देतात. दुसऱ्या ज्या मिळाल्या त्या पुण्याच्या, ऑनलाईन घेतात. त्यांनी लांबलचक चर्चा केलीच नाही, झोपायची-उठायची-जेवायची वेळ बांधून घेतली, आणि त्याच्याकडूनच यादी काढून घेतली की मॅनिया यायच्या आधी तुझं काय काय बदलतं. त्यानं लिहिलं: रात्री बाराला झाडलोट करतो, नवीन शर्ट घेतो, मामाला फोन करावासा वाटतो. ही यादी आता फ्रीजवर आहे. मामाला फोन आला की मामा आधी मला फोन करतात. ५ पैकी ५.

मग उतार आला, मॅनियानंतर बऱ्याच वेळा येतो. दुकान बंद, आंघोळ नाही, आणि एक दिवस म्हणाला मी नसतो तर तुमचे एवढे पैसे वाचले असते. असलं बोलणं ऐकलं की घरातले विषय बदलतात, 'असं बोलू नये' म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलं सरळ विचारा, मरायचे विचार येतात का, विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाहीत, उलट त्याला सांगायला वाट मिळते. एकटं सोडायचं नाही, घरातल्या गोळ्या कुलपात, आणि रात्री-बेरात्री वाटलं तर जवळच्या मोठ्या दवाखान्याची कॅज्युअल्टी, नाहीतर निदान १४४१६. पोलीस केस होईल ह्या भीतीनं लोक कॅज्युअल्टीला जात नाहीत, आण्णांनापण तीच भीती. पण २०१७ च्या कायद्यातच ११५ कलम आहे की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा नाही, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली त्यात तर ह्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलमच राहिलेलं नाही. तो काळ गेला. डॉक्टरांनी ह्या दिवसांत दर दोन दिवसांनी स्वतः फोन केला, त्याचे पैसे लावले नाहीत. डॉक्टरांना ५.

बरं वाटायला लागल्यावर सायकॉलॉजिस्ट मॅडमनी एक गोष्ट करून घेतली, जी मला वाटतं प्रत्येक घरानं बघावी. ह्या कायद्यात आगाऊ निर्देश म्हणून सोय आहे. माणूस चांगला असताना लिहून ठेवतो की पुढं मला असं झालं तर मला कसे उपचार हवेत, कसे नकोत आणि माझ्या वतीनं कोण बोलेल. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. इमर्जन्सीच्या उपचाराला ते आड येत नाही. भावानं लिहिताना तासभर घेतला. त्यात आहे: ताईनं ठरवावं, आण्णांनी नको कारण ते घाबरतात. तेच नर्सिंग होम चालेल पण रिसेप्शनवर नावानं हाक मारावी. फोन संध्याकाळी द्यावा. रात्री उचलू नये. आण्णांनी वाचलं, काही बोलले नाहीत, साक्षीदार कोण कोण म्हणून विचारलं फक्त.

खर्चाचं पटकन. सगळ्यात जास्त पैसे भरतीत गेले, त्याखालोखाल सायकॉलॉजिस्ट, गोळ्या तुलनेनं काहीच नाहीत. इन्शुरन्सनं मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायचा असं कायद्यात आहे, आणि ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत सगळ्या पॉलिसींत ते आणा असं नियामकानं कंपन्यांना सांगितलं होतं. पण बहुतेक पॉलिसी भरतीचे पैसे देतात, ओपीडीचे आणि सेशनचे नाही. आमच्या कंपनीनं आधी 'एक्स्क्लूडेड' म्हणून परत पाठवला क्लेम, मी कलम २१ लिहून मेल टाकला, मग पास केला, थोडा कापून. कंपनीला २.

राहिला सपोर्ट ग्रुप. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, ठाण्यात आयपीएच म्हणजे डॉ. आनंद नाडकर्णींची १९९० पासूनची संस्था, अशा ठिकाणी पेशंट आणि नातेवाईकांसाठी कामं चालतात, जवळ असाल तर चौकशी करा. आमचा ग्रुप लहान आहे, ऑनलाईन, महिन्यातून दोनदा, सांभाळणाऱ्यांसाठी. सल्ले देत नाहीत हा त्यातला सगळ्यात मोठा गुण, नुसतं ऐकतात, आणि कुणीतरी म्हणतं की हो, आमच्याकडंपण ताट भिरकावलं होतं. एक आजोबा कॅमेरा छताकडं लावून बसतात, त्यांचं फक्त कपाळ दिसतं, ते काहीच बोलत नाहीत पण येतात. भाऊ एकदा डोकावला, म्हणाला बोअर आहे, दुकानात गेला. आई मात्र चुकवत नाही, त्या दिवशी भाजी आधीच निवडून ठेवते आणि कुणी मध्ये आलं तर सांगते, 'आत्ता नाही, माझी मीटिंग आहे.' ५ पैकी ५, फुकट आहे.